अर्धी लीग आपली होती: आय-लीग २०१२-१३ ची गोष्ट

मालवणातून मी परत एकदा तुमच्या कानात. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, फक्त 'म्हणजे कसं' आणि 'बरं का' थोडे कमी केलेत.

गेले काही दिवस एक फर्माईश सारखी येतेय. "सेरी आ वर एक भाग कर. इटलीच्या लीगचा एखादा जुना हंगाम घे आणि सांग." कल्पना मस्त आहे. एकच हंगाम घ्यायचा, पहिल्या सामन्यापासून शेवटच्या सामन्यापर्यंत, आणि त्यातून त्या देशाची, त्या काळाची गोष्ट काढायची. मी तयारीला लागलोसुद्धा. पण मग डोक्यात आलं, की युव्हेंटसच्या मैदानाचं नाव सांगणारी मुलं आपल्या कणकवली-कुडाळात सापडतील. पण बांदा ओलांडलं की तासाभराच्या आत येणाऱ्या म्हापशात, डुलर स्टेडियमवर, भारतातल्या सर्वोच्च लीगचे सामने व्हायचे, हे त्यातल्या किती जणांना माहीत असेल?

म्हणून आज हंगाम एकच, पण आपल्या शेजारचा. आय-लीग, २०१२-१३. इटली शेवटाकडे येणार आहे, काळजी करू नका. तिचं एक काम आहे या गोष्टीत.

आधी तक्ता बघू

मी डेटाबेसमध्ये दिवस घालवणारा माणूस. कुठलीही गोष्ट समजून घ्यायची तर आधी टेबल उघडतो. त्या हंगामात १४ संघ होते. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा घरी, एकदा बाहेर. म्हणजे प्रत्येकी २६ सामने. ऑक्टोबर २०१२ ला सुरू, मे २०१३ ला संपला.

आता हे १४ संघ कुठले होते ते बघा.

गोव्याचे चार: चर्चिल ब्रदर्स, डेंपो, साळगांवकर आणि स्पोर्टिंग क्लुब द गोवा. महाराष्ट्राचे तीन: पुणे एफसी, मुंबई एफसी आणि एअर इंडिया. झाले सात. १४ पैकी सात! अर्धी लीग. मालवण मध्ये ठेवून नकाशावर बोट फिरवलं तर खाली गोवा, वर मुंबई आणि घाट चढून पुणे. देशातल्या सर्वोच्च फुटबॉलचा अर्धा भाग या पट्ट्यात होता.

उरलेल्यांत कोलकात्याचे ईस्ट बंगाल, मोहन बागान, प्रयाग युनायटेड आणि पैलान अ‍ॅरोज. ईशान्येकडचे शिलाँग लाजाँग आणि युनायटेड सिक्कीम. आणि ओएनजीसी, जे घरचे सामने दिल्लीत खेळायचे.

आणि निकाल काय लागला? पहिला चर्चिल ब्रदर्स, ५५ गुण. दुसरा पुणे एफसी, ५२ गुण. तिसरा ईस्ट बंगाल. म्हणजे विजेता गोव्याचा, उपविजेता महाराष्ट्राचा.

पण आज हा भाग करण्याचं कारण हा निकाल नाही. कारण हे आहे, की या सात संघांपैकी एकही पुढच्या पाचेक वर्षांत न धडपडता राहिला नाही. कुणी बंद पडलं, कुणी स्वतःहून बाहेर पडलं, कुणाला काढलं. आणि त्यातले बहुतेक मैदानावर हरले म्हणून गेले नाहीत. मग कशामुळे गेले? ते शोधायचंय.

गोव्यात एवढा फुटबॉल आला कुठून?

२०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साधारण १४ लाख ५८ हजार. आपल्या सिंधुदुर्गाची साडेआठ लाखांच्या आसपास. म्हणजे गोवा काही फार मोठा नाही, आपल्यासारखे दोन जिल्हे पण भरत नाहीत. तरी २००७-०८ ला आय-लीग सुरू झाली तेव्हापासूनची यादी ऐका. २००७-०८ डेंपो. २००८-०९ चर्चिल. २००९-१० डेंपो. २०१०-११ साळगांवकर. २०११-१२ डेंपो. २०१२-१३ चर्चिल. सलग सहा वर्षं, सहाही विजेते गोव्याचे. कोलकात्याच्या दोन दिग्गज क्लबांच्या हाती या सहा वर्षांत ही ट्रॉफी एकदाही लागली नाही.

सुरुवात सांगितली जाते ती १८८३ ची. विल्यम रॉबर्ट लायन्स नावाचे एक धर्मगुरू बार्देशमधल्या शिवोलीला आले आणि त्यांनी तिथल्या मुलांना फुटबॉल शिकवला. राज्य पोर्तुगीजांचं, खेळ आणला दुसऱ्याच कुणी! मग शाळांतून, चर्चच्या आवारातून, भात कापल्यावर मोकळ्या झालेल्या शेतांतून तो गावोगाव गेला. आपल्याकडे टेनिस बॉल क्रिकेटचं जे आहे ना, वाडीवाडीची टीम, चषक, रात्री लाईट लावून सामने, तेच तिथे फुटबॉलचं.

माझा एक मामा पेडण्याचा. त्याच्या घरी रविवारी दुपारी ठरलेलं वाक्य असायचं: "आज डेंपो-चर्चिल आसा, जेवान बिगीन वाढ गो." मामी वाढायची आणि वाढता वाढता साळगांवकरची बाजू घ्यायची. घरात दोन पक्ष!

पण गावाच्या टीमपासून राष्ट्रीय लीगपर्यंत जायला पैसा लागतो. आणि गोव्यात तो पैसा आला उद्योगपती घराण्यांकडून. साळगांवकर क्लब १९५६ चा, खाणउद्योगातल्या साळगांवकर घराण्याचा. डेंपो क्लब १९६८ चा, डेंपो घराण्याचा. तुमच्यापैकी जे 'नवप्रभा' वाचतात, तो मराठी पेपर याच उद्योगसमूहाचा. चर्चिल ब्रदर्स १९८८ चा, सासष्टीतल्या वार्का गावातले राजकारणी चर्चिल आलेमाव आणि त्यांच्या भावांचा. स्पोर्टिंग १९९९ चा.

डिचोली, सत्तरी, सांगे या भागातलं लोहखनिज बार्जमध्ये भरून मांडवी-जुवारीतून मुरगावला जायचं आणि तिथून जहाजाने परदेशी. आपल्याला हे परकं नाही. वेंगुर्ल्यातलं रेडी आणि दोडामार्गातलं कळणे याच खनिजाच्या पट्ट्यातलं. तांबडी धूळ काय असते ते आपल्याला सांगायला नको. गोव्यात त्या धुळीतून आलेल्या पैशाचा एक छोटा हिस्सा फुटबॉलमध्ये जात होता, आणि तो छोटा हिस्सासुद्धा भारतातल्या लीगसाठी पुरेसा मोठा होता.

एक कोर्टाचा आदेश आणि लीगची सुरुवात

आता २०१२ ला या. शहा आयोगाच्या अहवालानंतर सप्टेंबर २०१२ मध्ये गोवा सरकारने खाणकाम थांबवलं. आणि ५ ऑक्टोबर २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या खाणकामावर बंदी घातली. बार्ज नदीकाठी बांधून ठेवल्या गेल्या, ट्रक अंगणात उभे राहिले, हप्ते थकले. ही बंदी उठली ती थेट एप्रिल २०१४ मध्ये, तीही वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून.

आणि त्याच आठवड्यात, ऑक्टोबर २०१२ च्या पहिल्या आठवड्यात, आय-लीगचा हंगाम सुरू झाला.

म्हणजे बघा, ज्या वर्षी गोव्याचा मुख्य धंदा ठप्प होता, त्या वर्षी गोव्याचे चार संघ देशाच्या लीगमध्ये खेळत होते आणि त्यातला एक जिंकला.

इथे एक सोपा निष्कर्ष काढायचा मोह होतो. 'खाण बंद, म्हणून फुटबॉल बंद.' व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवायला बरं वाक्य आहे. पण तपशील तसं सांगत नाहीत. डेंपोंनी आपला खाणव्यवसाय २००९ मध्येच सेसा गोवाला विकून टाकला होता, १,७५० कोटी रुपयांना. त्यानंतर डेंपो संघाने दोन वेळा लीग जिंकली. चर्चिलचा पैसा तर मुळात खाणीवर उभा नव्हता. तेव्हा खाणबंदी हे एक कारण म्हणून बाजूला लिहून ठेवा. एकमेव कारण म्हणून नको.

हंगाम कसा गेला

चर्चिलच्या संघाची जोडणी बघण्यासारखी होती. तांत्रिक संचालक सुभाष भौमिक, ज्यांनी ईस्ट बंगालला आधीच्या राष्ट्रीय लीगमध्ये सलग दोनदा विजेतेपद मिळवून दिलेलं. सोबत प्रशिक्षक मारियानो डायस. बचावात लेबननचा बिलाल नज्जारीन, पुढे लेबननचाच अक्रम मोगराबी आणि गॅबनचा आँरी आँतशुए, मधल्या फळीत गोव्याचा लेनी रॉड्रिग्ज. वार्का गावातल्या कुटुंबाचा संघ, आणि त्यात बैरूतपासून आफ्रिकेपर्यंतची माणसं.

आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये आला सुनील छेत्री. तो त्या वर्षी पोर्तुगालला स्पोर्टिंग लिस्बनकडे गेला होता, पण तिथे खेळायला फारसं मिळत नव्हतं. चर्चिलने त्याला उसनं आणलं. मराठीत 'लोनवर' म्हणू. भारताचा कर्णधार, हंगामाच्या उत्तरार्धात, आघाडीवर असलेल्या संघात. बाकीच्यांना घाम फुटणारच.

मागे कोण होतं? पुणे एफसी. आणि इथे मला थोडं थांबायचंय, कारण या संघाला आपण मराठी लोकांनी फार लवकर विसरून टाकलं.

पुणे एफसी २००७ ला सुरू झाला, अशोक पिरामल समूहाचा. मैदान बालेवाडीचं. प्रशिक्षक डेरिक परेरा, मूळचे गोव्याचे, भारताकडून खेळलेले. याच डेरिक परेरांनी २००५-०६ ला मुंबईच्या महिंद्रा युनायटेडला राष्ट्रीय लीग जिंकून दिली होती. महाराष्ट्रातल्या क्लबाने राष्ट्रीय लीग जिंकली ती तेव्हाच. आणि ती जिंकणारा महिंद्राचा संघ कंपनीने २०१० मध्ये बंद केला. हे लक्षात ठेवा, कारण पुढे हाच पॅटर्न परत परत येणार आहे.

पुण्याच्या संघात दक्षिण सुदानचा जेम्स मोगा होता. अराता इझुमी होता, जपानमध्ये जन्मलेला, पण भारताचं नागरिकत्व घेऊन पुढे भारताकडून खेळलेला. बालेवाडीला गर्दी फार नसायची, पण संघ शिस्तीचा. ५२ गुण म्हणजे चर्चिलच्या फक्त तीन मागे. एक सामना इकडचा तिकडे झाला असता तरी चित्र वेगळं दिसलं असतं.

तिकडे कोलकात्यात वेगळंच नाटक. ९ डिसेंबर २०१२, सॉल्ट लेक, ईस्ट बंगाल विरुद्ध मोहन बागान. बागानच्या ओडाफा ओकोलीला लाल कार्ड मिळालं, प्रेक्षकांतून आलेला दगड बागानच्या रहीम नबीला लागला आणि मध्यंतरानंतर मोहन बागानचा संघ मैदानावर परत आलाच नाही. नियमाप्रमाणे दोन वर्षांची बंदी झाली. मग जानेवारीत ती उठवली, पण दोन कोटींचा दंड आणि तोवरचे सगळे गुण शून्य. हंगामाच्या मधोमध शून्यापासून सुरुवात! तरी बागान तळातून वर आले आणि लीगमध्ये टिकले. शंभराहून जास्त वर्षांचा क्लब आहे, तो असा सहज मरत नाही. हेही लक्षात ठेवा.

आणि सगळ्यात जास्त गोल? रँटी मार्टिन्स, प्रयाग युनायटेडकडून २६. त्याच्या आदल्या वर्षी हाच रँटी डेंपोकडून खेळत होता आणि त्याने ३२ मारले होते. गंमत म्हणजे 'प्रयाग' हे प्रायोजकाचं नाव. पुढच्या हंगामात तो संघ नुसता 'युनायटेड' म्हणून उतरला, कारण प्रायोजक गेला होता. पैलान अ‍ॅरोजमधलं 'पैलान'ही प्रायोजकाचंच. तो संघ तर हंगाम संपल्यावर बंदच झाला.

मे महिन्यात हंगाम संपला. चर्चिल चॅम्पियन, दुसऱ्यांदा.

मग एकेक दिवा विझत गेला

आता सातही संघांचं पुढे काय झालं ते सांगतो. नुसतं ऐका.

एअर इंडिया. मुंबईचा जुना कंपनीसंघ, ज्यातून कित्येक मुलांना खेळाबरोबर नोकरी मिळाली. क्लबांच्या परवान्यासाठी जे निकष आले, म्हणजे स्वतंत्र व्यावसायिक क्लब हवा, युवा संघ हवेत, वगैरे, त्यात न बसल्याने २०१३ मध्ये बाहेर. ओएनजीसीचं तेच.

चर्चिल ब्रदर्स. जानेवारी २०१४ मध्ये फेडरेशन कप जिंकला, पण लीगमध्ये थेट तळाजवळ घसरला, आणि त्यानंतर परवान्याच्या निकषांवरून बाहेर. गतविजेता संघ वर्षभरात लीगबाहेर. नंतर काही वर्षांनी परत आला.

पुणे एफसी. २०१५ मध्ये मालकांनी अंग काढून घेतलं. संपला.

डेंपो. आधीची राष्ट्रीय लीग आणि आय-लीग मिळून पाच विजेतेपदं, पाचही प्रशिक्षक आर्मांदो कुलासोंच्या काळातली. २०१४-१५ ला खालच्या श्रेणीत गेला. पुढच्याच वर्षी द्वितीय श्रेणी जिंकून परत यायचा हक्क मिळवला. आणि तो हक्क सोडून दिला.

साळगांवकर आणि स्पोर्टिंग. जून २०१६ मध्ये दोघांनीही आय-लीगमधून माघार घेतली.

मुंबई एफसी. २०१६-१७ ला तळाला गेला आणि परत दिसलाच नाही.

म्हणजे २०१७ उजाडेपर्यंत ती 'अर्धी लीग' जवळजवळ पुसली गेली होती.

का?

डिसेंबर २०१० मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्सशी १५ वर्षांचा, ७०० कोटींचा करार केला होता. त्यातून २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली. आयएसएल. आणि इथेच इटली आली, बघा! पहिल्याच वर्षी दिल्लीकडून डेल पिएरो. चेन्नईकडून मातेरात्सी, खेळाडू आणि प्रशिक्षक दोन्ही. पुण्यात नवीन संघ आला, एफसी पुणे सिटी, आणि त्यात भागीदार कोण? सेरी आ मधला फिओरेंटिना! प्रशिक्षक इटालियन, फ्रँको कोलोंबा. पुढे युव्हेंटसमध्ये गाजलेला त्रेझेगे. बालेवाडीचं तेच मैदान, जिथे वर्षभर आधी उपविजेता पुणे एफसी थोड्या लोकांसमोर खेळत होता, तिथे आता रोषणाई. एका शहरात दोन संघ. जुना २०१५ ला गेला. आणि नवा? २०१९ ला तोही बंद.

गोव्यात एफसी गोवा आला, प्रशिक्षक म्हणून साक्षात झिको. सुरुवातीच्या मालकांत साळगांवकर आणि डेंपो घराण्यांतली माणसंही होती. लोकांनी फातोर्डा भरून टाकलं. ते खोटं नव्हतं. मीही ती लीग आवडीने बघितलीय, आणि २० डिसेंबर २०१५ चा अंतिम सामना, गोवा विरुद्ध चेन्नईयन, २-३, आठवला की अजून वाईट वाटतं. तेव्हा 'आयएसएल वाईट, आय-लीग चांगली' असं मला अजिबात म्हणायचं नाही.

मला म्हणायचंय ते शिडीबद्दल.

२०१६ मध्ये महासंघाने योजना मांडली, की आयएसएल वरची लीग होणार आणि आय-लीग तिच्या खाली जाणार. आणि वरच्या लीगमध्ये जायचा रस्ता? फ्रँचायझी फी. जिंकून वर जाता येणार नव्हतं. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली ती याच मुद्द्यावर. आता एक मालक म्हणून विचार करा. तुम्ही दरवर्षी कोट्यवधी खर्च करता, संघ जिंकतो, आणि तरी पुढच्या वर्षी तुम्ही दुसऱ्या पायरीवर असणार हे आधीच ठरलंय. कशाला खर्च कराल? डेंपोने द्वितीय श्रेणी जिंकून मिळवलेली जागा का सोडली, त्याचं उत्तर इथे आहे.

आता परत इटली. पार्मा नावाचा क्लब आहे, नव्वदच्या दशकात युरोप गाजवलेला. मार्च २०१५ मध्ये तो दिवाळखोर ठरला. म्हणजे जवळपास त्याच काळात, जेव्हा आपल्याकडे पुणे एफसी संपत होता. पार्माला चौथ्या श्रेणीत, सेरी डी मध्ये टाकलं. तिथून तीन वर्षांत तीन बढत्या घेऊन २०१८ मध्ये तो परत सेरी आ मध्ये. पैसा तिथेही बुडाला, मालक तिथेही गेले. पण शिडी जागेवर होती आणि गाव तिकीट काढून चौथ्या श्रेणीचे सामने बघायला येत होतं. दोन्ही असल्यामुळे वर चढता आलं.

आपल्याकडे शिडीचा काय परिणाम होतो त्याचं उदाहरणसुद्धा याच गोष्टीत आहे, आणि ते मला सगळ्यात जास्त आवडतं. २०१५-१६ ला मिझोरामचा आयझॉल एफसी खालच्या श्रेणीत गेला होता. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्यावर लीगमध्ये जागा रिकामी झाली, आणि आयझॉलला परत घेतलं. त्यांनी प्रशिक्षक आणला खालिद जमील, जो वर्षानुवर्षं मुंबई एफसी सांभाळत होता आणि तिथून नुकताच बाहेर पडला होता. आणि त्या आयझॉलने २०१६-१७ ची आय-लीग जिंकली! गोव्याने सोडलेली जागा, मुंबईने सोडलेला माणूस, आणि विजेतं मिझोराम. हाच खालिद जमील २०२५ मध्ये भारतीय संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. एक पायरी मोकळी मिळाली तर माणूस कुठे जातो बघा.

आय-लीग जिंकून आयएसएलमध्ये जायची वाट उघडली ती २०२३ मध्ये, पंजाबच्या संघाने पहिल्यांदा. म्हणजे आयएसएल सुरू झाल्यावर नऊ वर्षांनी. आणि तो १५ वर्षांचा करार संपत आला तेव्हा, जुलै २०२५ मध्ये, पुढचं काही ठरत नाही म्हणून आयएसएलचाच हंगाम रोखून धरावा लागला. आमच्या क्षेत्रात याला 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतात. सगळी सिस्टिम एका वायरवर. आधी प्रत्येक क्लब एका घराण्यावर किंवा एका कंपनीवर उभा होता. महिंद्रा गेला, पुणे गेला, प्रयाग गेला. मग सगळी लीगच एका करारावर उभी केली. वायर जाड झाली, पण राहिली एकच.

मग टिकतं काय?

घाट चढून कोल्हापूरला जा. तिथे आय-लीग कधी नव्हती, आयएसएलही नाही. पण शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम विरुद्ध खंडोबा तालीम किंवा दिलबहार असला की हजारोंनी माणसं येतात. संघ पेठेचा, तालमीचा. एखादा प्रायोजक गेला तर दुसरा येतो, नाही आला तर वर्गणी होते. त्यातूनच अनिकेत जाधवसारखा पोरगा २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. मर्यादा तिथेही आहेत, तालमीच्या भिंतीपलीकडे, वरच्या लीगकडे जायला रस्ता नाही. पण बंद पडायची भीती नाही. मोहन बागान शून्यावरून उठला तोही याच जोरावर.

गोव्याच्या क्लबांकडे लोक होते, पण मालकी घराण्यांची होती. पुणे-मुंबईच्या संघांकडे मालक होते, पण लोक अजून जमायचे होते. म्हणून त्या हंगामाच्या तक्त्यात जे वैभव दिसतं, त्याच्या खाली पाया असमान होता. हे मला तो तक्ता बराच वेळ बघत बसल्यावर कळलं.

आता जरा बरी बातमी. डेंपो २०२४-२५ ला आय-लीगमध्ये परत आला, आणि तोही द्वितीय श्रेणीतून, खेळून. प्रशिक्षक समीर नाईक, डेंपोच्या त्या सुवर्णकाळातला बचावपटू. त्याच हंगामात चर्चिल तक्त्यात पहिला आला, एप्रिल २०२५ मध्ये महासंघाने ट्रॉफीसुद्धा दिली, पण गुणांच्या वादावर जुलैमध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने विजेतेपद इंटर काशीला दिलं. गोवेकरांना वाईट वाटलं, साहजिक आहे. पण मला त्यातही एक गोष्ट दिसली: दोन जुनी नावं तक्त्यात परत होती आणि लोक त्यांच्यासाठी भांडत होते.

राहिला आपला सिंधुदुर्ग. सावंतवाडी-दोडामार्गची कितीतरी पोरं रोज कामाला गोव्यात जातात, आजारी माणूस बांबोळीला नेतो, मासे इकडून तिकडे जातात. फुटबॉल मात्र पत्रादेवीच्या चेकपोस्टवर अडकून राहिला. आपल्याकडे लीग येईल का, मोठा क्लब होईल का, मला माहीत नाही आणि ती चिंता नंतरची. वाडीची एक टीम, वर्षाला एक ठरलेली स्पर्धा आणि तिथे जिंकणाऱ्याला तालुक्यात, मग जिल्ह्यात खेळायला मिळेल अशी साधी शिडी, एवढं जरी झालं तरी ते कुणाच्या करारावर अवलंबून नसेल. क्रिकेटसाठी आपण रात्रभर लाईटचे खांब उभे करतो. ते खांब फुटबॉललाही चालतात.

तुमच्या गावात कोणी फुटबॉल खेळत असेल, किंवा घरात कुणी एअर इंडिया, महिंद्रा, पुणे एफसीचे सामने बघितलेलं असेल, तर मला व्हॉइस नोट पाठवा. फक्त तीन मिनिटांच्या आत, कारण आमच्या वाडीत नेटवर्क अजून उतरत्या श्रेणीतच आहे.

पुढच्या भागात भेटूच. येवा!